तरुण कुत्री रात्री-अपरात्री शू करतेय? रागावण्याआधी वही उघडा

आमची तिळी लॅब्राडॉर आणि गावठी अशी मिसळ, वजन 24 किलो. 13 महिन्यांची असताना एका सकाळी तिच्या गोधडीवर तळहाताएवढा ओला डाग दिसला. पाणी सांडलं असेल म्हणून मी गोधडी वाळत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच डाग. तिसऱ्या रात्री ती दोनला उठवायला आली, चारला पुन्हा आली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "आठनंतर पाण्याचं भांडंच उचलून ठेव." मी उचललं. त्या रात्री ती बाथरूमची ओली फरशी चाटत होती, आणि सकाळी गोधडी ओलीच निघाली. ते फरशी चाटणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरात पहिल्यांदाच कुत्रं आलेल्यांसाठी हे लिहितेय. पिल्लाचं शी-शूचं शिक्षण झालं, सहा-आठ महिने सगळं सुरळीत चाललं आणि अचानक हे सुरू झालं, की पहिला विचार येतो तो "हट्टीपणा करतेय" असा. शिकलेलं कुत्रं स्वतःच्या अंथरुणात मुद्दाम शू करत नाही. कारण शोधावं लागतं आणि शोधाचा अर्धा भाग घरीच होतो.

आधी हे बघा: आत्ता, याच घटकेला डॉक्टर हवेत का?

कुत्रं वारंवार बसतंय, जोर लावतंय आणि थेंबही बाहेर येत नाही, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. गाडी काढा. नर कुत्र्यात हे फार धोक्याचं असतं. त्याचा मूत्रमार्ग शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जातो आणि मूतखडा नेमका तिथे अडकतो. लघवी पूर्ण तुंबली तर काही तासांत जिवावर बेततं.

तशीच घाई आणखी काही वेळा करायची. लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, उलट्या होतायत, खाणं सुटलंय, मागचे पाय लटपटतायत किंवा शेपूट लुळी पडलीय, तर थांबू नका. नसबंदी न झालेली कुत्री हीट (माजाचा काळ) संपून महिना-दोन महिने झाल्यावर एकदम खूप पाणी प्यायला लागली आणि मलूल दिसायला लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. त्याला पायोमेट्रा म्हणतात. बाहेर स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात पू आतच साठतो आणि ते जास्त वाईट.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं, तहान आणि लघवी वाढणं ही त्याची लक्षणं. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून अशा वेळी लघवी पुसताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. लसीकरणाच्या कार्डावर लेप्टोची लस दिल्याची नोंद आहे का तेही बघून घ्या. ती दरवर्षी द्यावी लागते.

यातलं काहीच नसेल, कुत्रं खेळतंय, खातंय, तर तुमच्याकडे दोन-तीन दिवस आहेत. ते असे वापरा.

पायरी 1: गळतेय, सारखी होतेय की भरपूर होतेय?

या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. डॉक्टरांना नुसतं "घरात शू करते" म्हटलं, तर त्यांना पहिल्यापासून सगळं विचारत बसावं लागतं.

गळणं म्हणजे कुत्र्याला पत्ताच नसतो. झोपेत, पडल्यापडल्या ओलं होतं. जागं झाल्यावर ते स्वतःच डाग हुंगतं, चकित होतं, मागची बाजू चाटत बसतं. एरवी बाहेर नेल्यावर व्यवस्थित बसून शू करतं. तिळी सकाळी उठून त्या डागाकडे असं बघायची की जणू दुसरंच कोणी येऊन गेलंय.

सारखी होणं म्हणजे कुत्र्याला कळतंय, घाई लागतेय, पण प्रत्येक वेळी चमचाभरच येते. बसतं, उठतं, चार पावलं जाऊन पुन्हा बसतं. हे बहुतेकदा मूत्राशयाच्या आतल्या जळजळीचं लक्षण: संसर्ग किंवा खडा.

भरपूर होणं म्हणजे दर वेळी मोठं थारोळं, पाण्यासारखी फिकट लघवी आणि त्यासोबत पाण्याचं भांडं सारखं रिकामं. इथे मूत्राशय ठीक असतो. शरीरच जास्त लघवी तयार करत असतं आणि कारण मूत्रपिंडात, साखरेत, हार्मोनमध्ये किंवा एखाद्या औषधात असतं.

याखेरीज स्वभावातून येणारे दोन प्रकार आहेत, त्यांना आजार समजू नका. पाहुणे आले की शेपूट हलवत, पोट दाखवत दोन थेंब सोडणं हे आनंदाचं किंवा नमतं घेण्याचं असतं आणि बहुतेक पिल्लांत वर्षभरात कमी होतं. रागावलात तर वाढतं. पाहुण्यांना सांगा, आल्या आल्या वाकून लाड करू नका, आधी दुर्लक्ष करा. दुसरा प्रकार म्हणजे सोफ्याच्या पायावर, दाराच्या चौकटीवर तंगडी वर करून थोडीशी फवारणी. ती हद्दीची खूण.

आणि पिल्लू अजून तीन-चार महिन्यांचंच असेल तर तो आजारही नाही आणि बिघाडही नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, साधारण तितके तास, फार तर एक तास जास्त, पिल्लू दिवसा धरून ठेवू शकतं. रात्री थोडं अधिक. पूर्ण ताबा यायला चार ते सहा महिने लागतात, छोट्या जातींना कधी वर्षही लागतं.

पायरी 2: तीन दिवसांची वही

यात काही विशेष नाही, शाळेची जुनी दोनशे पानी वही चालेल. फक्त प्रत्येक वेळची नोंद तिथल्या तिथे करा, सकाळी आठवून नको. माझ्या वहीतली एक रात्र अशी होती:

रात्री 10.45. खाली नेलं. भरपूर, पिवळी.
2.10. तिनेच उठवलं. तीन ठिकाणी बसली, चमचाभर.
4.00. पुन्हा. चमचाभर. शेवटी बराच वेळ बसून राहिली, काही आलं नाही.
6.30. गोधडी ओली, तळहाताएवढी. गाढ झोपेत होती.

या चार ओळी मी डॉक्टरांसमोर ठेवल्या तेव्हा ते म्हणाले, "या दोन वेगळ्या तक्रारी आहेत." मला तोवर ती एकच वाटत होती. दोन आणि चार वाजताची शू जाणीवपूर्वक, घाईची; साडेसहाचा डाग झोपेतला. तिळीला खरोखरच दोन गोष्टी झाल्या होत्या. त्याबद्दल पुढे सांगते.

वहीत आणखी लिहा: लघवीचा रंग, वास, शेवटची हीट कधी आली, नसबंदी झाली असेल तर कधी झाली, आणि गेल्या महिन्याभरात दिलेलं प्रत्येक औषध. औषधांची यादी लिहिताना खाज, त्वचा किंवा कानासाठी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शन विसरू नका. खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सर्रास दिलं जातं आणि त्याने तहान-लघवी दोन-चार दिवसांतच वाढते. फिट येणाऱ्या कुत्र्यांना दिलं जाणारं फेनोबार्बिटोनही तहान वाढवतं. पण म्हणून यातलं काहीही मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर कुत्रं कोसळू शकतं, फिटचं औषध एकदम थांबवलं तर फिट उसळून येतात. डॉक्टरांना विचारूनच डोस बदला.

जमलं तर मोबाइलवर एक व्हिडिओ काढा: ती शू करताना आणि एक झोपेत गळत असताना. दवाखान्यात कुत्रं तसं करून दाखवत नाही.

पायरी 3: पाणी मोजा, पण तोडू नका

दुधाची किंवा पाण्याची मापाची बाटली घ्या. सकाळी सातला मोजून दोन लिटर भांड्यात ओता (भांडं लहान असेल तर जसं संपेल तसं बाटलीतून भरत जा). दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं मोजा. आमच्याकडे 650 मिली उरलं होतं, म्हणजे ती 1350 मिली प्यायली. त्याला 24 किलोने भागलं की किलोमागे साधारण 56 मिली.

निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे सुमारे 50 ते 60 मिली पाणी पितं. उन्हाळ्यात, भरपूर खेळल्यावर किंवा फक्त कोरडं खाणं असेल तर थोडं जास्त. भात आणि चिकनचं पाणी असं पातळ जेवण असेल तर कमी. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं, की तो आकडा डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे. घरात दोन कुत्री असतील तर एक दिवस भांडी वेगळी ठेवा. बाल्कनीतली बादली, कुंड्यांच्या ताटल्या, कमोड हेही बंद करा, नाहीतर हिशेब चुकतो.

आता काकूंच्या सल्ल्याबद्दल. पाणी तोडणं हा सगळ्यांत जास्त दिला जाणारा आणि सगळ्यांत घातक सल्ला आहे. ज्या कुत्र्याचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्याच्या शरीरातून पाणी जातच राहतं, तुम्ही भांडं उचललं तरी. ते कुत्रं रात्रभरात शुष्क पडतं. संसर्ग असेल तर लघवी घट्ट झाल्याने जळजळ वाढते, खडे असतील तर तेही वाढतात. झोपण्याआधी तासभर कुत्र्याने एकदम अर्धा लिटर ढोसू नये म्हणून दिवसभर नीट पाणी मिळेल असं बघणं वेगळं. भांडं उचलून ठेवणं वेगळं.

संध्याकाळचं खारट मात्र जरूर थांबवा. पापड, फरसाण, वेफर्स, मटणाचा मिठाचा रस्सा. आणि शिऱ्यातल्या मनुका किंवा द्राक्षं कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नका. त्याने मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं.

पायरी 4: लघवीचा नमुना, पळीने

दवाखान्यात जाण्याआधी सकाळची पहिली लघवी मिळाली तर अर्धं काम झालं. रात्रभर साठलेली ही लघवी सगळ्यांत घट्ट असते आणि मूत्रपिंड किती काम करतंय हे तिच्यावरून कळतं.

नर असेल तर सोपं, तंगडी वर केली की खाली बाटली धरायची. मादी जमिनीलगत बसते, वाटी दिसली की उठून चालू लागते. तीन सकाळी तिळीने मला पार्किंगभर फिरवलं. चौथ्या दिवशी आमटीची जुनी स्टीलची पळी उकळत्या पाण्यातून काढली, वाळवली आणि तिच्या लांब दांड्याला धरून, शेजारी उभं राहून, तिच्याकडे न बघता, धार सुरू झाल्यावर मागून हळूच खाली सरकवली. पळीभर मिळाली, तेवढी पुरते. सुरुवातीचे थेंब सोडून मधली धार घ्यायची.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओता, नाव-वेळ लिहा आणि अर्ध्या-पाऊण तासात दवाखान्यात पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. खोलीच्या तापमानाला राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, स्फटिक तयार होऊ शकतात आणि अहवाल फसवा येतो.

संसर्गाचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे ओळखण्याची तपासणी) करायचं असेल तर मात्र पळीची लघवी चालत नाही. त्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण इंजेक्शनपेक्षा जास्त त्रास होत नाही. आमची तिळी त्या वेळी उताणी पडून माझ्या अंगठ्याला चाटत होती.

पायरी 5: दवाखान्यात काय काय होतं

तपासण्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी लघवी: पट्टीवर साखर, रक्त, प्रथिनं; सूक्ष्मदर्शकाखाली पेशी, जंतू, स्फटिक; आणि घनता. सकाळच्या लघवीची घनता 1.030 च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी व्यवस्थित राखतंय असं समजतात. ती 1.008 ते 1.012 च्या घरात पुन्हा पुन्हा येत असेल तर मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. त्याहूनही पातळ, अगदी पाण्यासारखी आली तर हार्मोनचे आजार डोक्यात येतात. त्यानंतर गरजेप्रमाणे रक्त (क्रिएटिनिन, साखर, कॅल्शियम), सोनोग्राफी आणि खड्यांसाठी एक्स-रे.

साध्या दवाखान्यात सोनोग्राफी नसेल तर मोठ्या ठिकाणी पाठवतात. मुंबईत परळला 1886 पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरलाही आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ जातो, पण वरिष्ठांची नजर एकाच जागी मिळते. वही तिथेही न्या.

तरुण वयातली नेहमीची कारणं

संसर्ग सगळ्यांत आधी. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, गुदद्वार जवळ, त्यामुळे आतड्यातले जंतू सहज वर चढतात. काही तरुण माद्यांची योनी आत दबलेली, कातडीच्या घडीखाली असते. तिथे ओल साचते आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. घडी उलगडून बघा, आत लाल, चिकट असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रतिजैविक डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या, दोन दिवसांत बरं वाटलं तरी. घरात उरलेली माणसांची गोळी देऊ नका.

इथे "उष्णता झालीय" हा आपल्याकडचा ठरलेला निष्कर्ष आड येतो. धण्याचं पाणी, सब्जा, जिऱ्याचं पाणी. चमचाभर धण्याचं पाणी कुत्र्याला अपाय करणार नाही, पण त्याने जंतू मरत नाहीत आणि खडा विरघळत नाही. त्या नादात दोन आठवडे गेले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

जन्मजात दोष. मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयात न उघडता थेट मूत्रमार्गात किंवा योनीत उघडते. पिल्लू घरी आल्यापासूनच सतत थेंब-थेंब गळत असेल, मागचे केस कायम ओले, आणि तरीही ते बाहेर नीट शू करत असेल, तर हे डोक्यात असू द्या. माद्यांत जास्त दिसतं. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडॉर, हस्की या जातींत विशेष. हे शिकवून सुधारत नाही. दुर्बिणीने किंवा रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅनने खात्री करतात आणि शस्त्रक्रियेने किंवा लेसरने दुरुस्त करतात. अनेक पिल्लांना "शिकत नाही" म्हणून परत केलं जातं, सोडून दिलं जातं. त्यातल्या काहींचा दोष हा असतो, आणि हे वाचून एखादं पिल्लू तरी वाचावं असं मनापासून वाटतं.

नसबंदीनंतर गळणं. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंचा एक वळा असतो, तोटीसारखा. तो घट्ट ठेवायला मादीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मदत करतं. अंडाशय काढल्यावर ते कमी होतं आणि काही माद्यांत ही तोटी झोपेत सैल पडते. शस्त्रक्रियेनंतर लगेच नाही, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी. 20 किलोच्या वरच्या माद्यांत जास्त. म्हणून नसबंदीच करू नये, असं माझं अजिबात मत नाही. वर सांगितलेला पायोमेट्रा तिच्यामुळेच टळतो. फक्त पहिल्या हीटच्या आधीच गळणाऱ्या पिल्लाची नसबंदी करायची असेल तर आधी विचारा. काही पिल्लांचं गळणं पहिल्या हीटनंतर आपोआप कमी होतं, म्हणून डॉक्टर तोवर थांबायला सांगू शकतात.

मूत्रपिंडाचे जन्मजात दोष, मधुमेह, पाणी राखणाऱ्या हार्मोनचा अभाव, मणक्याला मार ही कारणं कमी दिसतात; वर सांगितलेल्या तपासण्यांत ती सापडतात.

तिळीला पहिलं आणि तिसरं, दोन्ही होतं. नसबंदी सातव्या महिन्यात झालेली, त्यात संसर्ग. प्रतिजैविकाने रात्रीचं उठणं चौथ्या दिवशी थांबलं. गोधडीवरचा डाग मात्र राहिला. तो राहिला म्हणूनच दुसरं कारण दिसलं.

पायरी 6: रात्र कशी काढायची

उपचार सुरू असतानाही काही आठवडे रात्री उठावं लागतं. संध्याकाळचं जेवण सात-साडेसातला उरका. शेवटची फेरी झोपण्याच्या अगदी आधी, साडेदहा-अकराला, आणि ती घाईत नको: बऱ्याच कुत्र्या पहिल्यांदा अर्धीच करतात, पाच मिनिटं हुंगून झालं की उरलेली करतात.

कुत्रं ठरावीक वेळी उठवत असेल तर त्याच्या पाऊण तास आधीचा गजर लावा. कण्हणं, दार ओरबाडणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही उठलेले बरे. पट्टा आणि टॉर्च दाराजवळ लटकवून ठेवा. रोज एकच जागा. मोठे दिवे नकोत, गप्पा नकोत, खेळ नको. शू झाली की हलक्या आवाजात "शाब्बास" आणि परत अंथरुणात. चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट बंद असेल, तर बाल्कनीच्या कोपऱ्यात शूचा पॅड किंवा कृत्रिम गवताचा तुकडा ठेवा. आजारपणापुरती ही सवलत दिल्याने आधीचं शिक्षण वाया जात नाही.

अपघात झाला तर ओरडू नका, नाक घासणं तर कधीच नको. कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं, की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे करतं आणि तुमची वही अर्धवट राहते.

पायरी 7: अंथरूण, फरशी, कातडी

तान्ह्या बाळासाठी वापरतो तीच मांडणी. खाली मेणकापड, त्यावर जुनी गोधडी, वर दोन-तीन घड्यांचं सुती दुपटं किंवा जुना पंचा. रात्री ओलं झालं तर फक्त वरचं बदलायचं. फिकट रंगाचं कापड घ्या, म्हणजे डागाचा आकार आणि रक्ताची छटा दोन्ही दिसतात.

फरशी फिनाईलने पुसू नका, जरी आपल्या घरात तीच सवय असली तरी. फिनाईल कुत्र्याच्या पंजांना आणि चाटल्यावर पोटाला बाधतं, घरात मांजर असेल तर आणखीच. शिवाय वास झाकला जातो, जात नाही. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग पाणी, मग एन्झाइम असलेला पाळीव प्राण्यांसाठीचा क्लीनर, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ तसाच ठेवून. तो नसेल तर पाण्यात निम्मं व्हिनेगर (मार्बलवर नको, चकाकी जाते). अमोनिया असलेला क्लीनर तर लघवीसारखाच वास देतो आणि कुत्रं पुन्हा तिथेच बसतं.

कातडीकडे लक्ष द्या. लघवीत भिजलेली मांडी चार दिवसांत लाल होते, मग फोड येतात. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने धुवा, पंच्याने टिपून पूर्ण कोरडं करा, केस लांब असतील तर मागच्या बाजूचे बारीक करून घ्या. कुत्र्यांचे डायपर प्रवासात किंवा पाहुणे असताना ठीक आहेत, पण दर दोन-तीन तासांनी बदलले नाहीत तर आतल्या आत कातडी सडते आणि संसर्ग उलट वाढतो.

पायरी 8: औषध आणि पुढचा मागोवा

तोटी सैल पडल्याचं नक्की झालं, तर डॉक्टर दोनपैकी एक मार्ग घेतात. फेनिलप्रोपॅनोलामाईन त्या वळ्याचे स्नायू आवळून धरतं. त्याचा असर काही तासच टिकतो, म्हणून वेळा पाळाव्या लागतात. अस्वस्थपणा, भूक कमी होणं, रक्तदाब वाढणं हे त्याचे त्रास, त्यामुळे आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. दुसरं एस्ट्रिऑल, म्हणजे गेलेल्या हार्मोनची अगदी थोडी भरपाई. त्याचा डोस हळूहळू कमी करत सगळ्यांत लहान मात्रेवर आणतात. सुरुवातीला स्तनाग्रं किंवा योनी सुजलेली दिसू शकते, तसं झालं तर कळवा.

मेडिकलवाल्याने "त्यासारखीच" म्हणून दिलेली माणसांची सर्दीची गोळी चुकूनही देऊ नका. तिच्यात स्युडोएफेड्रीन असेल तर थोड्या मात्रेतही कुत्रं मरू शकतं. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलही नको.

तिळीचं गळणं औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात थांबलं. एकदा लग्नाला गेलो आणि बहिणीकडून संध्याकाळची गोळी राहिली. सकाळी डाग हजर. आता गोळीचा डबा चहाच्या डब्याशेजारी असतो, दोन्हींची वेळ एकच.

मी अजून रोज सकाळी चहा टाकण्याआधी तिच्या दुपट्याखाली हात घालून बघते आणि वहीत एकच शब्द लिहिते: कोरडं. लागोपाठ दोन दिवस ओलं लागलं तर डोस वाढवायचा नाही. आधी पळी काढायची, लघवी तपासायला न्यायची, कारण तोटी औषधाने आवळलेली असतानाही संसर्ग परत होऊ शकतो, आणि तेव्हा दिसणारा डाग अगदी तसाच असतो.